नोकरकपातीच्या यादीत कुणाचं नाव घालायचं हे नक्की ठरतं कसं?

रिग्रेशन

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच.

गेल्या बुधवारी माझी नोकरी गेली. हिंजवडी फेज ३, टेस्टिंग, एकाच कंपनीत ९ वर्षं ७ महिने. सकाळी कॅलेंडरवर सव्वाअकराची पंधरा मिनिटांची मीटिंग येऊन पडली, नाव ‘क्विक कनेक्ट’. मला वाटलं रिलीजचं काहीतरी असेल, म्हणून लॅपटॉप उघडा तसाच घेऊन गेले, स्क्रीनवर डिफेक्टची यादी. खोलीत माझा मॅनेजर नव्हताच. एचआरची एक मुलगी होती, असेल सव्वीस-सत्तावीसची, आणि स्क्रीनवर बंगळुरूहून कुणीतरी. मुलीने कागद वाचून दाखवला. तुमचा रोल रिडंडंट झालाय, म्हणजे आता त्याची गरज नाही. संध्याकाळी सहाच्या आत स्वतःहून राजीनामा टाकलात तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर. नाही टाकलात तर ‘पुढची प्रोसेस’. पुढची प्रोसेस म्हणजे काय, असं विचारलं तर ती बिचारी कागदातलं तेच वाक्य पुन्हा वाचायला लागली. लॅपटॉप तिथेच ठेवायला सांगितला. डबा डेस्कवर राहिला होता, तो सिक्युरिटीच्या दादांनी आणून दिला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी राजीनामा टाकला.

आता प्रश्न. माझं रेटिंग सलग दोन वर्षं ‘अपेक्षेपेक्षा सरस’. शेजारच्या खुर्चीतल्या मुलाचं (वाईट नाहीये तो, राग त्याच्यावर नाही) माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. तो आहे, मी नाही. मॅनेजर फोन उचलत नाही. एकदाच मेसेज आला, ‘माझ्या हातात नव्हतं गं.’ मग कुणाच्या हातात होतं?

धीर द्यायला नका येऊ, घरात तो भरपूर मिळतोय. सासूबाईंनी आठवड्यात तीनदा शिरा केला. मला प्रोसेस कळायला हवीय. नऊ वर्षं मी बगचं मूळ शोधून पोट भरलं, आणि माझ्याच बाबतीत मला ते सापडत नाहीये. त्या खोलीत बसलेलं इथे कुणी आहे का? कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, यादीत नाव टाईप कोण करतं?

टपरीबाज

सोप्पंय. साहेबाबरोबर चहाला कोण जातं ते बघा. यादी टपरीवर ठरते. रेटिंग अप्रेझलच्या पत्रावर छापायला असतं.

शीटवाला

टपरीबाज, टपरीचा भाग आहे, पण तो बऱ्याच उशिरा येतो. तोवर बहुतेकांचा निकाल लागलेला असतो.

रिग्रेशन, मी त्या खोलीत बसलोय. दोनदा. २०२० च्या मे महिन्यात (तेव्हा खोली म्हणजे टीम्सचा कॉल) आणि २०२३ ला. मी मॅनेजर नव्हतो, एचआरही नव्हतो. मी आरएमजीत, म्हणजे रिसोर्स मॅनेजमेंट ग्रुपमध्ये होतो. कोण कुठल्या प्रोजेक्टवर, कोण बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टविना बसून), कुणाचं बिलिंग कधी संपतंय, याची खतावणी आम्ही लिहितो. तुम्ही विचारलंत नाव कोण टाईप करतं. कुणीच करत नाही हो. नावं शीटमध्ये आधीपासून असतात, सगळीच्या सगळी. फक्त फिल्टर लावायचा असतो. तो मी लावायचो.

सुरुवात माणसांपासून होत नाही, रकमेपासून होते. २०२३ ला आमच्या युनिटला वरून आकडा आला होता: वर्षाला ९ कोटींची बचत. किती माणसं, हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. आता ९ कोटी म्हणजे सहा लाखवाली दीडशे पोरं, नाहीतर तीस लाखवाले तीस जण. दीडशे पोरांना काढलं तर पेपरात बातमी, कॉलेजांत नाव खराब, आणि काम कोण करणार? तीस जण गपचूप जातात, कारण प्रत्येकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि लाजेने तो कुणाला सांगत नाही. म्हणून कात्री येते ती मधल्या थरावर. आठ ते पंधरा वर्षंवाले. आमच्याकडे याला पिरॅमिड म्हणतात: खाली पोरं भरपूर, वर साहेब मोजके, आणि मधलं पोट सुटलं की ते आत घ्यायचं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या घरात माणसं कमी करतोय असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनीही मुख्यतः मधली आणि वरची फळी असेल असंच सांगितलं होतं. मला त्यात काडीचं नवल वाटलं नाही.

मग कॉलम. माझ्या शीटला २२ होते, पण चालायचे चारच: ग्रेड, सीटीसी (तुमच्यामागे कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च), बिलिंग चालू की बंद, आणि बेंचवर किती दिवस. यातलं बिलिंग नीट समजून घ्या. क्लायंटला जाणाऱ्या इनव्हॉइसमध्ये तुमच्या नावाची ओळ आहे का, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही रात्रंदिवस राबत असाल, पण त्या कागदावर नसाल तर शीटच्या लेखी तुम्ही बसून खाताय. ‘शॅडो’, ‘बफर’, ‘इन्व्हेस्टमेंट’, ‘इंटर्नल’ ही सगळी बसून खाण्याचीच गोंडस नावं. टीसीएसने तर जून २०२५ मध्ये हे धोरण म्हणूनच लिहून काढलं: वर्षाला निदान २२५ दिवस बिलिंगवर, बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नाही. बाकीच्या कंपन्यांत ते लिहिलेलं नसतं, एवढाच काय तो फरक.

आणि रेटिंग? होतं की. कॉलम आर. पण प्रोजेक्टरवर २२ कॉलम मावेनात, अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली. युनिट हेड म्हणाले, ‘अरे, ते उजवीकडचे हाइड कर ना, डोळे दुखतात.’ मी क्यू ते व्ही हाइड केले. आर त्यातच गेला. कारस्थान वगैरे काही नव्हतं. पुढचे दोन तास कुणाला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. आणि झाली असती तरी, मधल्या थरात बहुतेकांचं रेटिंग बरंच असतं, म्हणून तर ती माणसं तिथवर पोचलेली असतात. सगळ्यांचंच बरं असेल तर त्याने चाळणी लागत नाही.

फिल्टर लागला, सेल पिवळे झाले, की यादी मॅनेजरांकडे जाते. ४८ तासांची मुदत आणि एक अट: नाव वगळायचं तर तेवढ्याच किमतीचं बदली नाव द्यायचं. टपरीबाज, तुमची टपरी इथे येते. पण चहापेक्षाही मॅनेजर एक गोष्ट आधी बघतो. हा गेला तर रात्री अडीचला क्लायंटचा फोन कुणाला येणार? ज्याच्या जाण्याने तो फोन स्वतःला येईल, त्याचं नाव तो काहीही करून वाचवतो. त्यामुळे ज्याने आयुष्यात दुसऱ्याला कळेल असा कोड लिहिला नाही, तो वाचतो. ज्याने सगळं नीट लिहून ठेवलं, हाताखाली दोन ज्युनियर तयार केले, त्याच्यावाचून अडत नाही. तुम्ही टेस्टर, तुम्ही लिहून ठेवलंच असणार.

मग लीगल. कुणाला काढावं हे ते बघत नाहीत, कुणाला काढलं तर अंगाशी येईल ते बघतात. बाळंतपणाच्या रजेवरची बाई (तेव्हाच्या १९६१ च्या कायद्याने त्या रजेत काढताच येत नव्हतं), छळाची तक्रार चालू असलेली, मोठ्या आजारपणात असलेला. ती नावं निघतात. पण ९ कोटी तेवढेच राहतात ना.

२०२३ च्या शीटमध्ये ओळ ४६ वर एक बाई होत्या, सहा महिन्यांच्या रजेवर. लीगलने त्यांचं नाव काढायला लावलं. योग्यच केलं. एचआरवाली म्हणाली, ‘नेक्स्ट घे.’ शीट सीटीसीवर उतरत्या क्रमाने लावलेली होती, नेक्स्ट म्हणजे ओळ ४७. मी ४६ चा पिवळा काढला, ४७ ला दिला. दुसऱ्या हातात कॉफीचा कप होता, तो खालीसुद्धा ठेवला नव्हता.

ओळ ४७ चा माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. त्याच वर्षी गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीत, पिंपळे सौदागरला, वर्गणी गोळा करायला मी आणि दहावीतला एक पोरगा फिरत होतो. बी विंग, सातवा मजला, नवीन भाडेकरू. दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, ‘काका, यंदा ५०१ च घ्या, पुढच्या वर्षी बघू.’ मी पावतीसाठी नाव विचारलं. नाव जरा वेगळं आहे, सहसा दोघांचं नसावं असं. आडनावाच्या पहिल्या अक्षराशी माझा हात थांबला. पोरगा म्हणाला, ‘काका, पेन चालत नाहीये का?’ मी पावती पूर्ण केली. त्याला पुढे चार-पाच महिन्यांनी नोकरी लागली, लहान कंपनी आहे. लिफ्टमध्ये भेटतो, गणपतीत आरतीला असतो. मी कधी काही बोललेलो नाही.

तर तुमच्यात काय कमी होतं, हे शोधण्यात रात्री घालवू नका. मूळच शोधायचं असेल तर वेगळ्या ठिकाणी बघा: गेल्या वर्षभरात तुमचा टाइमशीटचा कोड (तुमचे तास कुठल्या कामाच्या खात्यावर पडतात तो) कधी बदलला, आणि कुणाच्या सांगण्यावरून?

टपरीबाज

५०१ ची पावती डोक्यातून जात नाहीये. माझी टपरी मी मागे घेतो.

नानेकरवाडी

राम राम. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, युनियनचं काम बघतो. शीटवाल्यांनी सांगितलं ते एसीतलं झालं. शॉपवर, म्हणजे कारखान्यात, कायदा उलटा आहे. शेवटी आलेला आधी जाणार. त्या त्या कामाच्या लोकांची सेवाज्येष्ठता यादी सात दिवस आधी नोटीस बोर्डावर लावायची, क्रम मोडायचा असेल तर मालकाने कारण लिहून ठेवायचं. काचेच्या कपाटातला तो कागद बघायला पोरं शिफ्ट सुटल्यावर हेल्मेट काखेत मारून उभी राहतात. निदान आपला नंबर कितवा हे डोळ्यांनी दिसतं.

हे पुस्तकातलं झालं. २०१९ ला गाड्यांचा बाजार बसला तेव्हा आमच्या लायनीवर १४० जण होते आणि त्यात परमनंट ३८. बाकी कंत्राटी आणि नीम या सरकारी योजनेतले ट्रेनी. कंत्राटी माणसाला कुणी ‘काढत’ नाही, त्याचा पंच बंद होतो. सकाळी पावणेसातला गेटवरच्या मशीनला अंगठा लावायचा, लाल दिवा लागला की ओळखायचं. मागच्याला जागा द्यायला बाजूला सरकायचं, बास. त्याला ना यादी, ना बोर्ड. आणि परमनंट माणूस नको असेल तर व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आणतात. नाही घेतली की बदलीची ऑर्डर, पार उत्तराखंडात पंतनगरला. बायको-पोरं इथं, म्हातारा-म्हातारी इथं, जाणार कसा? महिनाभरात व्हीआरएसचा फॉर्म भरतोच.

आता ताई, तुमच्यावर येतो. वाईट वाटून घेऊ नका, पण त्यांनी सहाची वेळ का दिली ते सांगतो. मालकाने काढलं तर ती कपात. तुम्ही राजीनामा दिला तर तुम्ही आपणहून गेलात. कपात म्हटली की वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार भरपाई, सरकारला कळवायचं, शेवटी आलेला आधी, आणि पुन्हा भरती निघाली तर आधी त्यालाच विचारायचं. हे सगळं १९४७ च्या कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यातही आहे. बदललं ते एवढं की कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता ३०० वर नेली. आणि एक बरं केलंय, १५ दिवसांच्या पगाराइतके पैसे नवीन काम शिकायला म्हणून कामगाराच्या खात्यात टाकायचे. राजीनाम्याच्या एका कागदाने यातलं सगळं उडतं. ९ वर्षं ७ महिने म्हणजे हिशोबाला १० वर्षं धरतात. पंधरा दिवसांनी गुणा, पाच महिने झाले. वर नोटिशीचा एक. ते दोनात सुटले.

आयटीतला माणूस कामगार धरतात का, यावर वाद आहे. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, हातात काम काय ते बघतं. स्वतः तांत्रिक काम करत असाल आणि माणसं हाकत नसाल तर बाजू भक्कम. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये एका इंजिनियरला याच मुद्द्यावर परत घ्यायला लावलं, मागच्या पगारासकट. पण भांडला सात वर्षं, हेही ध्यानात घ्या.

दबाव टाकून घेतलेल्या राजीनाम्यावर भांडता येतं, पण पुरावा लागतो. लॅपटॉप गेला. फोनमध्ये ते मीटिंगचं निमंत्रण, मॅनेजरचा ‘हातात नव्हतं’ वाला मेसेज आहे ना? पुसू नका. आणि ग्रॅच्युइटी घेतल्याशिवाय गप्प बसू नका, ती राजीनाम्यानेही मिळते.

नेकारकाठ

शीटवाला, पहिल्यांदा तुम्हाला एक विचारते. तो आर कॉलम परत उघडावा असं दोन तासांत एकदाही वाटलं नाही?

दुसरं, नानेकरवाडीकरांच्या बोर्डासारखंच इथे जर्मनीत ऑफिसातल्यांनाही आहे. शब्द अवघड आहे, झोत्सियालाउसवाल. सामाजिक निवड म्हणा. धंद्याच्या कारणाने माणसं कमी करायची तर कंपनीने चार गोष्टी धरायच्या: नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि गंभीर अपंगत्व. एकमेकांचं काम करू शकतील अशांची आपसांत तुलना होते, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे गुण मांडतात. कामगारांनी निवडून दिलेली समिती असते, बेट्रीब्सराट, तिच्याबरोबर बसून.

मी स्टुटगार्टला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये होते. आमचा १४ जणांचा गट केला. वयाच्या वर्षाला १ गुण, नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांना वर्षाला १ आणि पुढच्यांना २, मुलामागे ४, लग्नाचे ८. मी ३३ वर्षांची, नोकरी ३ वर्षं, लग्न नाही. ३६ गुण. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ ५४ वर्षांचे, नोकरी २६ वर्षं, बायको, दोन मुलं. ११२. शुक्रवारी दुपारी बारानंतर ते कुठे असायचे हे १४ जणांत कुणाला माहीत नव्हतं. सांगलीला आई-बाबांना मी दर महिन्याला पैसे पाठवते, पण ते टॅक्सच्या कागदावर दिसत नाही म्हणून त्याचा गुण शून्य. ‘हिच्यावाचून अडेल’ म्हणून काही जणांना तुलनेबाहेर ठेवायची कंपनीला मुभा असते, त्यात माझं नाव कुणी घातलं नाही.

आता हाइलब्रॉनला आहे, बरं चाललंय. पण एक सांगते. तो ३६ चा कागद हातात घेऊन मी खूप रडले, तरी ‘माझ्यात काय कमी’ हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. काय कमी होतं ते लिहिलेलंच होतं. नवरा आणि दोन मुलं.

शीटवाला

नेकारकाठ, प्रश्न रास्त आहे. पण उघडावंसं वाटून मी दडपलं असतं तर निदान तसं कबूल तरी केलं असतं. मला सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी फाइलला पासवर्ड टाकून मेल करताना उजवीकडची ती कॉलम लपल्याची दुहेरी रेघ दिसली. पी आणि डब्ल्यू शेजारी-शेजारी. तेव्हा सुचलं. मी सेंड दाबलं.

एडिसनचे काका

न्यू जर्सीचा अनुभव देतो, कारण इथे एक मजेशीर कागद मिळतो. १९९० च्या एका कायद्याने, एकाच वेळी अनेकांना काढताना चाळिशीपुढच्या माणसाकडून ‘वयावरून भेदभाव झाला असा दावा करणार नाही’ अशी सही हवी असेल तर ४५ दिवस विचाराला द्यावे लागतात आणि सोबत यादी जोडावी लागते. नावं नसतात. फक्त पद, वय, आणि निवडलेले की न निवडलेले.

माझं पाकीट आलं तेव्हा मी ५८ चा. बायको पैशांचं पान वाचत होती, मी शेवटची दोन पानं. माझ्या पदासमोर ५८ वयाचे दोघे. एक निवडलेला, एक न निवडलेला. दुसरा कोण ते मला पक्कं ठाऊक, अकरा वर्षं आम्ही एका गाडीतून ऑफिसला गेलो. ती यादी वाचून ‘कसं ठरवलं’ ते कळलं का? तर नाही. एवढं कळलं की वयावरून नाही ठरवलं, आणि कंपनीला नेमकं तेवढंच सिद्ध करायचं होतं.

राज्याचा कायदा मात्र चांगला आहे, मोठ्या कपातीत ९० दिवसांची नोटीस आणि दर वर्षाला एका आठवड्याचा पगार, २०२३ पासून. इथे एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांचे हाल वेगळेच, त्यांना नोकरी सुटल्यापासून दुसरी शोधायला ६० दिवस. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

रिग्रेशन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण शीटवाल्यांनी सांगितलं ते शोधत होते.

सापडलं. लॅपटॉप नाही, पण नवऱ्याला पाठवलेला एक स्क्रीनशॉट सापडला. फेब्रुवारीतला. टाइमशीटचा. खाली मी लिहिलंय, ‘बघ, नवीन कोड!!’ आणि पुढे केकची खूण.

झालं असं होतं की आमच्याकडे ऑटोमेशनचा नवीन टूल आणायचा होता. मॅनेजरने टीमसमोर माझं नाव घेतलं. म्हणाला, हे काम फक्त हीच करू शकते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पायनॅपलचा केक आणला, त्याचेही फोटो आहेत. क्लायंटच्या प्रोजेक्टवरची माझी जागा शेजारच्या मुलाला दिली, आणि त्याला तीन आठवडे केटी मीच दिली, म्हणजे सगळं काम शिकवून सोपवलं. सगळं लिहून, स्क्रीनशॉटसकट, चौऱ्याण्णव पानं. नवा कोड ‘आयएनटी’ने सुरू होत होता. मी मॅनेजरला विचारलंही होतं, हे आयएनटी काय? तो म्हणाला, ‘इंटर्नल गं, फॉर्मॅलिटी आहे.’

त्याला तेव्हा माहीत होतं की नाही, हा विचार दोन दिवस करतेय. बहुतेक नसावं. त्या केकचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून दिले होते.

काका, तुमचा न निवडलेला मित्र अजून भेटतो का?

नानेकरवाडी दादा, फोनमधलं सगळं नवऱ्याच्या मेलवर पाठवून ठेवलंय. वकील गाठायचा की नाही ते अजून ठरत नाहीये, सात वर्षं ऐकून पोटात गोळा आला. ग्रॅच्युइटीचा हिशोब तेवढा तपासा: ज्यावर मोजतात तो पगार ४०,०००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले १०. २,३०,७६९ येतात. बरोबर?

एडिसनचे काका

भेटतो. दर रविवारी. आता गाडी मी चालवतो, पेट्रोल तो भरतो.

नानेकरवाडी

बरोबर आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत यायला पाहिजे, नाही आले तर व्याज मागा.

रिग्रेशन

अर्ज समोर घेऊनच बसलेय. त्यात एक रकाना आहे, नोकरी संपल्याची तारीख आणि कारण. कारणात काय लिहू?

नानेकरवाडी

भांडायचं असेल तर ‘राजीनामा’ एवढंच लिहू नका. ‘कंपनीच्या सांगण्यावरून दिलेला राजीनामा’ असं लिहा. पैशाला कशानेच फरक पडत नाही. आणि तारीख बुधवारची नका घालू, रिलीव्हिंग लेटरवर असेल ती घाला, ते तिथं अर्ज अडवतात.